हिमनदीवरचा कारकून

‘साहस’ हा शब्द निदान पाच वर्षं बिनपगारी रजेवर पाठवावा, अशी माझी नम्र मागणी आहे. पूर्वी हा शब्द शिवचरित्रात आणि गिर्यारोहकांच्या सत्कारसमारंभात भेटायचा, आणि तिथे तो शोभायचाही. हल्ली तो कुठेही अंगावर येतो. घाटातल्या रिसॉर्टच्या पाटीवर साहस, बिस्किटाच्या जाहिरातीत साहस; आणि मार्च महिन्यात, ऐन क्लोजिंगच्या तोंडावर, आमच्या शाखेत वरून पाठवलेल्या एका व्याख्यात्यांच्या तोंडी तर साहसाशिवाय दुसरा शब्दच नव्हता. ‘जोखीम घ्यायला शिका!’ असं ते दीड तास सांगत होते. कुणाला, तर बँकेतल्या माणसांना! अहो, ही माणसं जोखीम घेणार नाहीत या एकाच भरवशावर लोक आमच्याकडे पैसे ठेवतात. जोखीम घेणारा कॅशियर तुम्हांला चालेल का, हे जरा पासबुक हातात घेऊन सांगा.

व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. अलास्कातला पांढराशुभ्र मुलूख. दोन कड्यांच्या मधून एक इवलंसं विमान येतं आणि जिथे डांबर नाही, दिवा नाही, चिटपाखरू नाही अशा हिमनदीवर टेकतं, बर्फ उडवत थोडं पुढे जातं आणि थांबतं. टाळ्या झाल्या. मग व्याख्याते म्हणाले, ‘हा माणूस हिशेब करत बसला असता, तर इथे उतरला असता का?’ आणि हे म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या हात धुऊन मागे लागलो. माझा एक भाचा सिअ‍ॅटलला असतो आणि तो स्वतः पैसे भरून अलास्काच्या एका हिमनदीवर अर्धा तास उभा राहून आलेला आहे. त्याला फोनवर प्रश्न विचारून मी भंडावून सोडलं. ‘मामा, तुला कर्ज द्यायचंय का त्या वैमानिकाला?’ असं शेवटी त्याने विचारलं. पुस्तकं मागवली, वाचली. आणि आता मी बेधडक सांगतो की हिमनदीवर उतरणारा वैमानिक हा हिशेब करत बसणाराच माणूस आहे. हिशेब जुळला तरच तो उतरतो. नाही जुळला तर विमान वळवून घरी जातो आणि कॉफी पितो. थोडक्यात, तो आमच्यापैकी आहे. व्याख्यात्यांनी त्याला भलत्याच पंगतीला बसवलं आहे.

मुळात ही माणसं विमान घेऊन तिथे जातातच कशाला, ते आधी पाहू. अलास्का हे राज्य महाराष्ट्राच्या साडेपाचपट आहे आणि तिथली वस्ती साडेसात लाखांच्या आसपास. म्हणजे पुण्याच्या चार उपनगरांत सगळं राज्य मावेल आणि मावल्यावर पार्किंगवरून भांडेल. एवढ्या मुलखात गावोगाव रस्ता कोण आणि कुणासाठी बांधणार? तिथल्या बहुतेक गावांना बाहेरून रस्ताच नाही. खुद्द राजधानी जूनो, जिथे राज्याचा गव्हर्नर बसतो, तिथेही बाहेरगावाहून मोटारीने जाता येत नाही. बोटीने जा, नाहीतर विमानाने. तेव्हा अलास्कात लहान विमान म्हणजे एस.टी. टपाल, औषधं, शाळेचे मास्तर, आजारी माणूस, किराणा, सगळं त्यातून जातं. नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर, समुद्राच्या वाळूवर, जिथे म्हणून सपाटी मिळेल तिथे ते उतरतं. त्यासाठी त्याला हवा कमी भरलेली, फुगीर, गुबगुबीत चाकं लावतात. खंबाटकीचा घाट चढताना एस.टी.च्या ड्रायव्हरला थरार हवा नसतो, त्याला साताऱ्याला पोचायचं असतं. अलास्कातल्या ड्रायव्हरचंही तसंच आहे.

आता हिमनदी. डोंगरांच्या त्या गर्दीत लांब, सपाट आणि फुकट अशी जागा एकच, ती म्हणजे हिमनदी. उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच डोंगर डेनाली, २०,३१० फूट. (२०१५ साली तिथल्या केंद्र सरकारने त्याचं ‘मॅकिन्ली’ हे नाव बदलून ‘डेनाली’ केलं आणि २०२५ साली परत ‘मॅकिन्ली’ केलं. नामांतरात आपलाच हातखंडा आहे असं कुणी समजू नये. चढणारे लोक डेनालीच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) या डोंगरावर जाणारे बहुतेक गिर्यारोहक टॉकीटना नावाच्या लहानशा गावातून विमानाने निघतात आणि कहिल्टना हिमनदीच्या एका फाट्यावर ७,२०० फुटांवर उतरतात. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी अठराशे फूट. तिथली धावपट्टी म्हणजे बर्फच. नवा बर्फ पडला की गिर्यारोहक मंडळी पायांत रुंद बर्फजोडे घालून ओळीने चालतात आणि तो तुडवून घट्ट करतात. प्रवाशांनी आधी रस्ता तयार करायचा आणि मग गाडी मागवायची, ही पद्धत आपल्या नगरपालिकांच्या कानांवर न गेलेली बरी.

या प्रवासाची सुरुवात धाडसाने होत नाही, तराजूने होते. टॉकीटनाला पोचल्यावर वैमानिक तुमच्या डोळ्यांतली चमक वगैरे पाहत नाही, तुमचं वजन विचारतो. सामानाचं वेगळं, तुमचं वेगळं, बुटांसकट. भाच्याने अंगवळणी पडल्याप्रमाणे लग्नाच्या वेळचं वजन सांगितलं. काट्यावर उभा केल्यावर त्यात आठ किलोंची तफावत निघाली. आमच्याकडे एवढी तफावत निघाली तर रात्री नऊपर्यंत कुणी जागचं हलत नाही. तिथेही कुणी हसलं नाही; मुकाट्याने आकडा खोडून दुसरा लिहिला. मग कुणी कुठे बसायचं ते ठरलं. खिडकीसाठी हात वर करून नव्हे. जड माणूस कुठे बसला तर विमानाचा तोल कुठे जाईल, त्यावरून. जमा बाजू, खर्च बाजू आणि मध्ये तोल. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्ही दुसरं काय शिकलो?

हे वजनाचं प्रकरण चिक्कूपणाचं नव्हे. जितकं वर जावं तितकी हवा विरळ. साध्या इंजिनाची ताकद हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के घटते. कहिल्टनाच्या उंचीवर पाचवा हिस्सा गेलाच म्हणून समजा. त्यात विरळ हवेमुळे पंखांनाही आधार कमी. म्हणजे खाली टॉकीटनाला जे इंजिन पहिलवान असतं ते वर पोचेपर्यंत पेन्शनीला आलेलं असतं. आणि विमानं तरी काय कालची नव्हेत. ‘बीव्हर’ नावाचं जे कॅनडात बनलेलं विमान तिथे अजून चालतं, त्याचं उत्पादन १९६७ साली बंद झालं. आमच्या शाखेतला रेकॉर्ड रूमचा पंखा त्याच सुमाराचा असावा. पण त्याच्या भरवशावर आम्ही कुणाला हिमनदीवर पाठवत नाही.

वाटेत ‘वन शॉट पास’ नावाची एक खिंड लागते. नाव ऐकून व्याख्यात्यांना गुदगुल्या होतील. पण वैमानिक खिंडीपाशी येतो तो असा, की पलीकडे ढग दिसला तर वळायला जागा राहील. खिंडीत नाक खुपसून मग विचार करायचा, ही चाल फक्त सिनेमात. पलीकडे गेल्यावर तो लगेच उतरतही नाही. एक फेरी मारतो. वारा कुठला, बर्फ कालचा की आजचा, दुसऱ्या विमानाच्या खुणा कुठे आहेत, भेगा कुठे आहेत, ते पाहतो. या भेगांचं असं आहे की वरून बर्फाचं पातळ पांघरूण असतं आणि खाली शेकडो फूट काहीच नसतं. खातं दिसायला छान, आतून रिकामं. अनुभवी माणूस लांबूनच ओळखतो.

सगळ्यांत वाईट म्हणजे ढगाळ प्रकाश. आकाश पांढरं, जमीन पांढरी, सावली कुठेच नाही. डोळे उघडे असून खालचा बर्फ पाच फुटांवर आहे की पन्नास, ते कळत नाही. पूर्वीचे वैमानिक अशा वेळी वरून झाडाच्या फांद्या किंवा काहीतरी काळं टाकायचे, म्हणजे पांढऱ्या कागदावर निदान एक ठिपका तरी दिसावा. टाकायला काही नसलं आणि खाली खूण नसली, तर परत. प्रवाशांनी पैसे भरलेले असोत, त्यांची रजा संपत आलेली असो, परत.

उतरण्याची रीत उलटी आहे. चढावर उतरायचं आणि उतारावर चढायचं. हिमनदीला उतार असतो. वरच्या दिशेला तोंड करून टेकलं की चढ हाच ब्रेक. चाकांच्या जागी स्की असतात, त्यांना दुसरा ब्रेक नाही. परतताना तोंड खाली, उतारच विमानाला ढकलतो. पण यात एक मेख आहे. चढावर उतरताना समोर डोंगर असतो. एका ठरावीक बिंदूच्या पुढे गेलात की ‘नको, पुन्हा एक फेरी मारू’ म्हणायची सोय नाही. इंजिन कितीही ओरडलं तरी डोंगर त्याहून वेगाने चढतो. म्हणून नकार द्यायचा तर तो त्या बिंदूच्या अलीकडे. आम्ही चेकवरची सही पैसे देण्याआधी पाहतो, दिल्यानंतर नाही. हे अगदी तेच. आणि टेकल्यावरही सुटका नाही. वेग आहे तोवरच विमान वळवून घ्यावं लागतं, नाहीतर ते चढावर रुततं. थांबल्यावर घसरणीने गरम झालेल्या स्कीखाली बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो, की विमान जागीच चिकटलं. हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच ओळीने मांडलेलं असतं. पडद्यावर आपल्याला दिसतात ती शेवटची वीस सेकंदं. वीस सेकंद पाहून ‘याने हिशेब केला नाही’ म्हणणं म्हणजे ताळेबंदाची शेवटची ओळ वाचून ‘वा, काय योगायोगाने दोन्ही बेरजा सारख्या आल्या!’ म्हणण्यासारखं आहे.

या धंद्याचे मूळपुरुष बॉब रीव्ह. १९३० च्या दशकात वाल्डीझ नावाच्या बंदरात राहून ते हिमनद्यांच्या काठच्या सोन्याच्या खाणींना माल पोचवत. त्यांची अडचण मोठी मजेची होती. उन्हाळ्यात डोंगरावर बर्फ, म्हणून उतरायला स्की हव्यात. पण खाली गावात बर्फ नाही, मग स्कीवरून उडायचं कसं? रीव्ह यांनी ओहोटीकडे पाहिलं. समुद्र मागे हटला की किनाऱ्यावर निसरड्या चिखलाचं मैदान उघडं पडायचं. त्यावरून विमान घसरवता येईल, हे त्यांनी ताडलं. एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यातला स्टेनलेस स्टीलचा पत्रा काढून स्कीच्या तळाला ठोकला, आणि भरती-ओहोटीच्या कोष्टकाप्रमाणे विमानसेवा चालू केली. आता यात साहस कुठे आणि कोष्टक कुठे, तुम्हीच पाहा. गुत्त्यातला पत्रा सत्कारणी लावल्याबद्दल दारूबंदीवाल्यांनीसुद्धा त्यांचा सत्कार करायला हरकत नव्हती.

१९३७ सालच्या जूनमध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स या दोन गिर्यारोहकांना घेऊन रीव्ह माउंट ल्युकेनियाजवळच्या वॉल्श हिमनदीवर उतरले. बर्फ अवेळी वितळून लगदा झाला होता. विमान पोटापर्यंत रुतलं. काही दिवस ते तिथेच अडकून पडले. रीव्ह यांनी विमानातलं काढता येईल ते सगळं काढून फेकलं, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलला आणि थंडीने बर्फ घट्ट होण्याची वाट पाहिली. तो झाला तेव्हा एकटे उडून गेले. पुन्हा यायचं नाही, हा निर्णय पक्का. आणि तो ऐकून पाहुण्यांनी आरडाओरडा केला नाही. डोंगर चढले आणि मग शंभरावर मैल पायपीट करून कॅनडाच्या बाजूला बाहेर पडले. व्याख्यात्यांच्या पुस्तकात या गोष्टीतलं उतरणं तेवढं येईल. माझ्या वहीत ‘पुन्हा येणार नाही’ हे आलं आहे, ठळक अक्षरात.

हेच वॉशबर्न पुढे बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे संचालक. डेनालीचे कडे त्यांनी विमानातून फोटो काढून काढून पाठ केले होते. १९५१ साली त्यांना कहिल्टनावर उतरवलं ते टेरिस मूर यांनी. हे मूर कोण, तर अलास्का विद्यापीठाचे अध्यक्ष. आपल्याकडचे कुलगुरू समारंभात मानपत्र घेऊन उतरतात, हे हिमनदीवर विमान घेऊन उतरत. मग आले टॉकीटनाचे डॉन शेल्डन. वॉशबर्न यांच्या नकाशाच्या कामासाठी त्यांनी हिमनद्यांवर किती खेपा घातल्या असतील! १९६६ साली रूथ हिमनदीतल्या एका खडकावर त्यांनी लहानसं घर बांधलं, त्याचं सामानही असंच खेपाखेपांनी विमानातून नेलं. फळ्यांचा, खिळ्यांचा हिशेब कुणी ठेवला असेल? त्यांच्यावर १९७४ साली निघालेल्या पुस्तकाचं नाव मात्र ‘वेजर विथ द विंड’, म्हणजे वाऱ्याशी पैज. पुस्तक वाचनीय आहे, पण नावाला माझा सक्त विरोध आहे. पैज लावणारा माणूस वीस-पंचवीस वर्षं त्याच डोंगरात खेपा घालत नाही. तो दुसऱ्या वर्षीच संपतो. शेल्डन १९७५ साली गेले ते कर्करोगाने. रीव्ह १९८० साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. वाऱ्याने दोघांच्याही पैजेचा स्वीकार केलेला दिसत नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढा कंठशोष करतो आहे ते सांगतो. इथे विनोद जरा बाजूला ठेवतो.

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कातल्या अँकरेजहून जूनोला एक लहान विमान निघालं. त्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहातले बहुमत पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे खासदार निक बेगिच होते. निवडणुकीचे दिवस, जूनोला सभा. वाटेत पोर्टेज हिमनदीजवळची खिंड, आणि हवा खराब. विमान पोचलं नाही. एकोणचाळीस दिवस शोध चालला. विमान नाही, माणसं नाहीत, आजतागायत तुकडासुद्धा नाही. त्या वैमानिकाने त्याच सुमारास एका विमानविषयक मासिकात लेख लिहिला होता. विषय असा की पंखांवर साचणाऱ्या बर्फाला लोक उगाच फार भितात. त्या दिवशी खिंडीत नेमकं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा मी लेखाचा आणि अपघाताचा जमाखर्च मांडणार नाही. पण न भिण्याचं कौतुक किती सहज छापून येतं, एवढं मला त्यात दिसतं.

४ ऑगस्ट २०१८ ला डेनालीजवळ थंडर माउंटनच्या कड्यावर ढगाळ हवेत एक बीव्हर आदळलं. पोलंडहून आलेले चार पर्यटक आणि वैमानिक, पाचही गेले. तासाभराची सहल होती ती. त्या वैमानिकाला मी नावं ठेवणार नाही, मी कोण? पण जिथे हे होऊ शकतं, त्या गोष्टीला ‘काळजाचा ठोका चुकवणारा अनुभव’ म्हणून जाहिरात करणारे, आणि परत फिरणाऱ्या वैमानिकाला भित्रा समजणारे, यांच्याशी माझं भांडण आहे. कारण त्या माणसाच्या मागे बसलेले लोक हेच व्याख्यान ऐकून आलेले असतात. त्यांना शुक्रवारी ऑफिस असतं. त्यांनी पैसे भरलेले असतात. ते बोलत काही नाहीत, नुसते घड्याळाकडे पाहतात, आणि वैमानिकाला मानेच्या मागे डोळे नसले तरी ते दिसतं.

लांब कशाला जा? आमचे हेड कॅशियर एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेले होते. नेपाळातल्या लुक्लाला, सर एडमंड हिलरी यांनी १९६४ साली बांधवून घेतलेल्या त्या विमानतळावर, त्यांचा परतीचा मुक्काम तीन दिवस लांबला. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जरा जास्त. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी, आणि मधे बारा टक्क्यांच्या आसपास चढ. ढग होते म्हणून विमानं येईनात. आमच्या गृहस्थांनी तिथल्या काउंटरवर जाऊन भांडण केलं. ‘थोडे तर ढग आहेत, उडवा की!’ असं म्हणाले. स्वतः बँकेत पाचशेची एक नोट कमी आली तर सगळा स्टाफ थांबवणारा हा माणूस! काउंटरवरचा मुलगा शांतपणे त्यांना चहा देत राहिला. परत आल्यावर ते आठवडाभर त्या मुलाच्या नावाने खडे फोडत होते. मी त्यांना एवढंच विचारलं, ‘साहेब, तिजोरीची दुसरी किल्ली नसताना एखाद्या ग्राहकाने घाई केली तर तुम्ही काय करता?’ त्यांनी विषय बदलला.

कहिल्टनावर मोसमात एक कॅम्प मॅनेजर बसवलेला असतो. बर्फात तंबू, तंबूत रेडिओ. सकाळी हवा कशी आहे ते टॉकीटनाला कळवणं हे त्याचं मुख्य काम. हवा नाही म्हटलं की विमान नाही. शिखर गाठून आलेले, तोंडं रापलेले, अंघोळीला आसुसलेले पंधरा-वीस बहाद्दर तिथे दिवसचे दिवस पत्ते खेळत पडून असतात. त्यांना हे आधीच माहीत असतं, म्हणून वर चढायच्या आधीच तळावर बर्फात जास्तीचं अन्न आणि इंधन पुरून ठेवतात. खरे साहसी लोक ते! शिल्लक ठेवून निघतात. आमचे ग्राहक मात्र शिल्लक न ठेवता चेक फाडतात आणि वटला नाही की आमच्यावर ओरडतात.

रीव्ह यांनी म्हणे वाल्डीझला आपल्या खोपटावर एक पाटी लावली होती. तिच्यात त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की आमची सेवा संथ आहे, बेभरवशाची आहे, आम्ही लबाड आहोत आणि वर घाबरटही आहोत. खाली सुचवलं होतं की तरीही आमच्याच विमानाने जा. आणि लोक जात होते! अशी एक पाटी आमच्या काउंटरवर लावावी असा अर्ज मी शाखाधिकाऱ्यांकडे दिला आहे. मजकूर रीव्ह यांच्याइतका परखड नाही. ‘लबाड’ हा शब्द मी गाळला आहे, कारण ऑडिट जवळ आलंय. बाकी ‘संथ’ आणि ‘घाबरट’ हे दोन्ही ठेवलेत. साहेबांनी अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवलाय. तिथून विचारणा आली आहे की पाटी मराठीत असावी की तिन्ही भाषांत, आणि खर्च कुठल्या खात्यात टाकायचा. मी उत्तर तयार करतो आहे. घाई नाही.